घाटातला तुकडा

२ मार्च, रवि.
बाबांची स्कॉटलंडची रीळ पूर्ण स्कॅन झाली. साठेक वर्षांपूर्वीची ट्रिप, कॉव्हेंट्री ते हायलँड्स, निळ्या गाडीतून. साडेनऊ मि.मी. फिल्म, भोकं मधोमध. दुकानात म्हणाले, याचं मशीन आता मिळत नाही. मिळत नाही ना? मग बनवलं. जुना प्रोजेक्टर, कॅमेरा, शिलाई मशीनची मोटर. कोर्स नाही, डिग्री नाही. एकही फ्रेम फाटली नाही.
घाटातला तुकडाच तेवढा किंचित पुसट. फोकस हाताने जुळवला. आता आईच्या कुड्यांतले मोतीसुद्धा दिसतात.
१६ला आईचा पंच्याऐंशीवा वाढदिवस. हॉल बुक केलाय, तिथे सगळ्यांसमोर दाखवणार.

५ मार्च, बुध.
मेधाला दाखवली. बाबांची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ: अरुंद रस्ता, बाजूला दरी, गाडी बाबा चालवतायत, आई डोळे मिटून रामरक्षा म्हणतेय. पडद्यावर तेच. बाबांच्या मित्राने वळणावर उभं राहून घेतलेला शॉट. गाडी समोरून चढत येते, ड्रायव्हरच्या जागी बाबा, शेजारी आई. काचेवर ढगांची सावली, स्टिअरिंग दिसत नाही. नंबर प्लेट चिखलाने माखलेली. बाकी स्वच्छ.
मेधा म्हणाली, "अहो, आईंचा पदर उजव्या खांद्यावर कसा?"
म्हटलं, तेव्हाची फॅशन असेल.
"मग आधी थर्मासमधला चहा पिताना डाव्या खांद्यावर होता तो? घाटात गुजराथी झाल्या?"


६ मार्च, गुरु.
मेधा बरोबर. तेवढा तुकडा उलटा लागलाय, आरशातल्यासारखा. पुसट होता तो त्यामुळेच, चित्राचा थर दुसऱ्या बाजूला गेलेला. मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण गोष्टीशी जुळत होतं. भोकं मधोमध, त्यामुळे ही फिल्म उलटीसुद्धा बिनतक्रार चालते.
सरळ केला. पदर डाव्या खांद्यावर. ड्रायव्हरच्या जागी आई. डोळे टक्क उघडे.
दोन्ही टोकांना जोड. बाबांच्या हातचे, ओळखतो मी, कडेला कडा लावून, केसाइतकीही फट नाही. इतका साफ जोड चुकून उलटा बसत नाही. म्हणजे बाबांनी

८ मार्च, शनि.
ताईला लीड्सला फोन. त्या ट्रिपमध्ये ती तीन वर्षांची, मागच्या सीटवर.
"नंदू, बाबा ड्राइव्ह करत होते. माझा मेमरी एकदम क्लिअर आहे."
म्हटलं, तीन वर्षांची होतीस.
"सो? आणि बाबा नाहीत आता. सगळ्या लोकांच्यासमोर तू त्यांना लायर करणार? आईच्या बर्थडेला?"
फिल्म खोटं बोलत नाही म्हणालो. फोन ठेवला तिने. फिल्म खोटं बोलतच होती की इतकी वर्षं.
आईला अजून काही सांगितलेलं नाही.

१४ मार्च, शुक्र.
आज आईला दाखवली. सरळ केलेली. काही न सांगता.
गाडी वळणावर आली तसा आईचा डावा पाय कार्पेटवर दाबला गेला. "दुसरा टाक, दुसरा," स्वतःशीच. गिअर!
"तू चालवत होतीस?"
"मग कोण? लायसन्स माझं आधी आलं. तुझे बाबा दोनदा नापास. रामरक्षा म्हणत होते ते."
"मग बोलली का नाहीस कधी?"
"बोलायचे ना सुरुवातीला. लोक हसायचे. म्हणायचे, वहिनी गंमत करतात. मग सोडून दिलं."
बाबांनी तुकडा उलटा लावला होता, हे सांगितलं. आई म्हणाली, "परत दाखव."
परत दाखवली. पुन्हा परत.

१५ मार्च, शनि.
दोन्ही फाइली तयार. बाबांची आणि सरळ. आईला विचारलं, उद्या कुठली?
"तुला कुठली बरोबर वाटते?"
"सरळ. प्रश्नच नाही."
"मग मला कशाला विचारतोस?" थोड्या वेळाने, "पण तुझ्या ताईला आधी घरी दाखव. हॉलमध्ये पहिल्यांदा नको. नको म्हणाली तर बघू."
ताई सकाळी येतेय. फोनवर आवाज अजून रुसलेला. लॅपटॉप टेबलावर ठेवला, समोर दोन खुर्च्या. आईने तिसरी ओढून मध्ये सरकवली.
"मी इथे बसेन. तिचा हात धरावा लागेल."