मानेचं ऑपरेशन आणि फोनवरच्या मावशी

रविवार, १२ जानेवारी

चि. बारक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. पन्नाशीला टेकलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला बारक्या म्हणू नये असं तुझ्या बायकोचं मत आहे. तिला सांग, हे नाव ती यायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. आम्ही दोघं बरे आहोत. थंडी मुक्काम ठोकून बसली आहे. तुझे भावोजी सकाळपासून मोरीतल्या नळाचा वॉशर बदलतायत, म्हणजे संध्याकाळी प्लंबरला बोलवावं लागणार.

तुझा लांबलचक मेसेज त्यांनी मला वाचायला दिला. मानेची चकती काढून मणके जोडायचं, माझं झालं तसंच ऑपरेशन करायचं तर पेशंटला काय काय माहीत असावं, असं विचारलंयस. डॉक्टर घाईत असतात, आणि इंटरनेटवर ऑपरेशन झालेली माणसं एक तर अंथरुणाला खिळलेली असतात नाही तर आठवड्याभरात डोंगर चढत असतात. म्हणून ताई, तू सांगशील तसं करीन, असं शेवटी लिहिलंस. ते वाक्य वाचून मी फोन त्यांना परत दिला आणि उगाचच कपाट आवरायला घेतलं. कुणी असा भार टाकतं का रे?

बरं, सांगते.

पहिली गोष्ट, ऑपरेशन मानेचं असलं तरी चीर पुढून, गळ्याला देतात. मला हे टेबलावर जायच्या आदल्या दिवशी कळलं आणि मी घाबरून पाणी प्यायले. श्वासनलिका, अन्ननलिका हळूच बाजूला सारून मागच्या मणक्यांपर्यंत जातात, नसेवर दाबणारी चकती काढतात, तिथे हाडाचा तुकडा किंवा छोटी ठोकळी बसवतात आणि पट्टी स्क्रूने पक्की करतात. व्रण सुरकुतीत लपतो. या वयात आपल्याला सुरकुत्यांची कमी नाही.

मणके लगेच जुळत नाहीत, त्याला महिने लागतात. तोवर पट्टी फक्त धरून ठेवते, हाड आपलं आपल्यालाच धरावं लागतं. म्हणून सिगारेट बंद. "दिवसाला एखादी" म्हणू नकोस, तुझी एखादी मला माहीत आहे. तंबाखूने हाड जुळत नाही, असं माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दुखण्यावरची कुठलीही गोळी मनाने घ्यायची नाही, त्यातल्या काहींनीही हाड जुळायला उशीर होतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगायची.

सुरुवातीला गिळताना दुखतं. मी कुस्करलेली केळी आणि कोमट दूध यांवर होते, लहान बाळासारखी. खांद्यांच्या मधे दुखतं. ते मात्र कुणी सांगत नाही आणि माणूस उगाच घाबरतो. हाताची कळ लवकर जाते, बधिरपणा सावकाश जातो, कधी थोडा राहतोही. मान पूर्वीइतकी वळत नाही, पण कुणी हाक मारली की मीच अख्खी वळते, त्यामुळे लोकांना वाटतं बाई फार आदबशीर झाल्या. पण गळ्याला सूज वाढली, श्वास अडकायला लागला, तर एक मिनिट थांबायचं नाही, थेट दवाखाना. हे तुझ्या बायकोला नीट सांगून ठेव.

व्यायामाने, औषधाने बरं होणारं असेल तर ते आधी करून बघायचं. पण तू लिहितोस की कापड कापताना कात्री हातातून सुटते आणि जिना उतरताना पाय लडखडतात, आणि डॉक्टर म्हणाले मज्जारज्जूवर दाब आहे. मग हे ढकलायचं प्रकरण नाही, बारक्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे, अवश्य घे, पण त्या निमित्ताने पळून जाऊ नकोस.

शेवटी तू लिहिलंयस की मी तुझ्यावर रागावले आहे, म्हणून फोनवर येत नाही. ऑपरेशनला आला नाहीस याचा राग धरलाय म्हणे. काहीतरीच. तुझं दुकान, तुझा हात, मला कळत नाही का? आणि घरी कामाला ठेवलेल्या मावशींनी निरोप कसा दिला नाही, असं विचारलंयस. विसरल्या असतील. वय झालंय त्यांचं.

बाकी नंतर लिहीन. प्लंबर आला.

मंगळवार

पत्र पाकिटात घालणार होते. भावोजींना म्हटलं, एकदा वाचून बघा, काही राहिलं का. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"हे माहितीपत्रक झालं," ते म्हणाले. "बहिणीचं पत्र कुठाय?"

मी म्हटलं, सगळं तर लिहिलंय.

"एक सोडून."

मग ते त्यांच्या नळाकडे गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसाला नेमकं कुठे टोचायचं ते कळतं.

तर ऐक. बसस्टँडवर मी आता घोषणा करत नाही. ऑपरेशननंतर मला मागच्या खोलीत, पासच्या खिडकीवर बसवलंय. गाड्यांच्या नेहमीच्या घोषणा पूर्वी माझ्याच आवाजात भरून ठेवल्या आहेत, त्या अजून वाजतात. म्हणजे मी खाली बसून पासवर शिक्के मारते आणि वर भोंग्यातून मीच गोड आवाजात सांगत असते की प्रवाशांनी आपले सामान सांभाळावे. कालच एक आजोबा मला म्हणाले, त्या वरच्या बाई बघा किती छान बोलतात, तुम्ही का अशा खेकसता? मी म्हटलं, त्यांना बसून बोलायचा पगार मिळतो. आजोबा हसले. मीही हसले. मग खिडकी बंद करून जरा वेळ आत बसले.

ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला धक्का लागला. बऱ्याच जणांचा आवाज सुरुवातीला बसतो आणि काही आठवड्यांत परत येतो. क्वचित कुणाचा राहतो. तसा माझा राहिला. पुठ्ठा फाडल्यासारखा येतो, वर चढत नाही, मोठ्याने हाक मारली की फुटतो. गिळायला, श्वासाला त्रास नाही. नुसता आवाज गेला. नुसता म्हणते, पण मला त्याची इतकी आठवण येते की कधी कधी सुट्टीच्या दिवशीही स्टँडवर जाऊन बाकावर बसते आणि कुठली गाडी पकडायची नसताना गाड्यांच्या वेळा ऐकते. पुढच्या महिन्यात नव्या मुलीच्या आवाजात सगळं पुन्हा भरणार आहेत.

आता तुझ्या कामाचं. सर्जनने मला तपासताना विचारलं होतं, काम काय करता? मी म्हटलं, बसून असते. तुला माहीत आहे मी असं का म्हणते. खरं सांगितलं की लग्नात, बँकेत, अगदी दातांच्या डॉक्टरांकडेही लोक म्हणतात, "म्हणून दाखवा ना!" त्या कंटाळ्याने मला खोटंच बोलायची सवय लागली. शिवाय वाटलं, मानेच्या डॉक्टरांना ओझं उचलते की नाही एवढंच हवं असेल. नंतर त्यांना खरं कळलं. मग म्हणाले, "कळलं असतं तर घशाच्या डॉक्टरांकडून आधी तपासून घेतलं असतं, जास्त बोललो असतो. निकाल बदलला असताच असं नाही. पण मला माहीत असायला हवं होतं." तेव्हा तू त्यांना सगळं सांग. कात्री कुठल्या हाताने धरतोस, दिवसभर किती वाकतोस, दुकानात गिऱ्हाइकाशी किती बडबडतोस, सगळं. आवाजाचं काय होऊ शकतं हे तोंडाने विचार आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नकोस.

हे मी आधी लिहिलं नाही, कारण तू घाबरून ऑपरेशनच टाळशील असं वाटलं. तुझे पाय लडखडतायत आणि मी आवाजाचं रडगाणं गाऊ? पण न सांगता तुला टेबलावर पाठवलं तर मी कसली ताई? आता खरं विचारशील तर मी हे ऑपरेशन पुन्हाही करून घेईन. पूर्वी माझ्या हातून कप पडायचे, ब्लाउजचं हूक भावोजींना लावावं लागायचं. आज हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. अक्षर बघ. करून घे, बारक्या. फक्त डोळे उघडे ठेवून कर.

आणि मावशी.

आपल्याकडे कामाला कुणी मावशी नाहीत. त्या दुपारी घरचा फोन वाजला, भावोजी नव्हते, आणि मला तुझा आवाज ऐकायची इतकी ओढ लागली होती की मी उचलला. आपली नेहमीची घोषणा करणारच होते, पण घशातून नुसतं "हॅलो" निघालं. आणि तू म्हणालास, "मावशी, जरा ताईला द्या ना फोन."

मी थांबले. म्हटलं, आता ओळखेल. तू नाही ओळखलंस. मग मी म्हटलं, बाई बाहेर गेल्यात.

"बारक्याचा फोन होता म्हणून सांगा," तू म्हणालास. "आणि मावशी, घशाला काहीतरी घ्या हो. फार बसलाय."

परक्या बाईची इतकी काळजी करणारा भाऊ आहे माझा, याचा अभिमान वाटला आणि रडूही आलं. फोन ठेवल्याचा आवाज आला तरी मी कानाला धरून उभी होते. त्यानंतर तू कितीदा केलास, मी शेजारी बसून वाजू दिला. एकदा तर मनात आलं, रिसीव्हर नेऊन स्टँडच्या भोंग्याला लावावा. राग नाही रे. तुझ्या कानात माझा जुना आवाज आहे, तो तरी राहावा असं वाटत होतं. पण तो जपता जपता तूच लांब गेलास, आणि मला तू हवा आहेस.

शनिवारी दुपारी घरी फोन कर. मीच उचलीन. नेहमीसारखी सुरुवात करीन, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, बारक्याची गाडी आजही उशिरा धावत आहे." ते कसं ऐकू येईल मला माहीत नाही. मधेच फुटेलही. तू घाबरू नकोस, घशाला काय घेतलं ते विचारू नकोस. तू फक्त तुझं वाक्य म्हण, लहानपणापासून म्हणतोस ते, "बाई, आमची जागा धरून ठेवा."

ऑपरेशनच्या दिवशी मी येते आहे. तू शुद्धीवर येशील तेव्हा तुझ्याही तोंडून घोगरा आवाज निघेल, तुझा बहुतेक काही दिवसच. तेवढे दिवस आपण दोघं सारखेच बोलू.

जागा धरून ठेवली आहे.

तुझी,
ताई