पोकळ दाणे

मंगळवार, संध्याकाळ

आज सूर्यफुलाचं एक फूल चोळून पाहिलं. दाणे सगळे पोकळ. कमी पाण्यावर येणारं वाण म्हणून समुद्राकडच्या रेताड तुकड्यात मीच हट्टानं पेरलं. झाडं तगली, पण मधमाश्याच फिरकत नाहीत. दाणा भरणार कसा?

दीर म्हणाले, "वैनी, इथं काय पिकत नाय. बोईसरच्या कारखान्यांतल्या कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधू." माझ्या मुठीत ते पोकळ दाणे.

मग फडकं घेऊन नव्या फुलांवर फिरवत सुटले, एकाचे पराग दुसऱ्याला. सासूबाई जुन्या लुगड्याचं फडकं फाडून घेऊन आल्या. "मलाबी दाखव."

"आणि नाही भरले तर?" मी विचारलं.

"मंग हितं खोल्या उठतील. आपुन जायचं कुठं?" त्या म्हणाल्या, आणि पुढच्या फुलाकडे वळल्या.