धुऊन काढलेले किडे

प्रिय दादा,

पाच वर्षांनी माझं अक्षर पाहून तू म्हणशील, हिचं काहीतरी अडलंय. अडलंय. पण आधी माझी कटकट ऐकून घे. इथे ती ऐकणारं कुणी उरलेलं नाही. मी बागेचं नाव काढलं की नवरा अंघोळीला जातो.

इथल्या मातीत आपसूक रुजणारी झाडं लावायची आणि विषारी फवारणी करायची नाही, एवढंच माझं काम. पण लोकांना कळेल तर शपथ. दवाखान्याच्या आवारात मी दोन वर्षं रानगवत जोपासलं. त्याला तुरे आले त्याच आठवड्यात नव्या व्यवस्थापकाने ते सपाट कापून घेतलं आणि वर फोन करून सांगितलं, की तुमचं राहिलेलं काम आम्हीच उरकलं. एका बाईंना फुलपाखरं हवीत, पण पानाला भोक चालत नाही. मग सुरवंटाने काय तुमचा पेपर खायचा, असं मी मनात म्हणते आणि तोंडाने "बघते हं" म्हणते. सासरे अजून विचारतात, नोकरी कधी बघणार.

हे सगळं मी सोसते रे. गेल्या महिन्यातला घोळ मात्र माझा मीच घातला. एका निवृत्त मुख्याध्यापिकांच्या कुंपणाला पिठ्या ढेकूण लागला. कापसासारखा पांढरा, तुला वेगळं सांगायला नको. त्यांचा माळी औषध मारू म्हणाला, तर मी त्याला अर्धा तास व्याख्यान झोडलं. मग साबणाचं पाणी घेऊन स्वतः फांदी न् फांदी घासली. त्यात काही मोठे होते, अंगावर लांब पांढऱ्या झिपऱ्या असलेले. ते तर आधी वेचून मारले. पंधरा दिवसांत अख्खं कुंपण पांढरं झालं. भिंग घेऊन बसले तेव्हा झिपऱ्यांवाला एक वाचलेला दिसला. तो ढेकणांना खात होता. ढालकिड्याची पिल्लं होती ती, दादा. राखणदारच मी धुऊन काढले होते. माळ्याने माझी साबणाची बादली विसळून पालथी घालून ठेवली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आणि हे मला तूच शिकवलं होतंस. शाळेतून आल्यावर मी तुझ्या दुकानात गल्ल्यामागे बसायचे. लोक रोगट फांदी घेऊन यायचे, तू ती उलटी करून मला दाखवायचास. "बसून राहतो तो चोर, पळतो तो पोलीस." पोलीस दिसले की गिऱ्हाइकाला म्हणायचास, औषध नको, घरी जा. कितीतरी जणांना तू तसंच परत पाठवलंस. माझ्या रोपवाटिकेच्या उद्घाटनाला तू गमतीने म्हणालास, तणं विकून पोट भरत नाही, आणि मी चारचौघांत म्हणाले, तू तर विष विकतोस. तेव्हा ती परत पाठवलेली माणसं मी सोयीने विसरले. तू चहाचा कप तसाच ठेवून निघून गेलास.

परवा वहिनीचा फोन आला. तुला कळवू नको म्हणाली, म्हणून कळवते. छातीच्या त्रासापायी डॉक्टरांनी दुकान बंद करायला लावलं आणि तीन महिने तू खिडकीत बसून शेजाऱ्यांच्या झाडांना नावं ठेवतोयस, असं ऐकलं. माझ्याकडे कामाला ये. दया करतेय असं मनातही आणू नकोस, दया करायला मला सवड नाही. मला किडे ओळखणारा माणूस हवाय, आणि मुख्याध्यापिकांनी शेवटची संधी दिलीय. फवारा कुठेच नसेल, त्यामुळे डॉक्टरांचीही हरकत नसावी. उद्घाटनाच्या दिवशी बोलले त्याबद्दल जे म्हणायचंय ते इथे तीनदा लिहून खोडलं. समोर म्हणेन. सोमवारी सकाळी आठला तुला न्यायला येते. वाद घालायचा असेल तर गाडीत बसून घाल.

तुझीच,
धाकटी