दाराबाहेरची पावलं

१२ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

नमस्कार. इथे सगळं ठीक आहे. जेवते वेळेवर, झोपते बऱ्यापैकी. आईला सांगा, सर्दी गेली आणि तिने पाठवलेला स्वेटर अंगात बसतो. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही विचारणारच. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, हे एक कारण. दुसरं ओघात येईल.

बातमी तुम्हाला कळलीच आहे. आमच्या ॲनिमे मालिकेला समीक्षकांच्या मंडळाने पुरस्कार दिले. पटकथेला एक, आणि आवाजांना एक. आवाजांना म्हणजे मला! आमच्या दिग्दर्शिकाबाईंना आम्ही पाठीमागे हेडमास्तर म्हणतो. त्यांनी यादी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"अगं, तुझं नाव आहे इथे."

"चुकून पडलं असेल," मी म्हणाले.

"मग चूक दुरुस्त व्हायच्या आत जाऊन घेऊन ये."

आमच्या आवाज भरायच्या खोलीत तुम्ही कधी आला नाहीत, म्हणून सांगते. चित्रातल्या माणसाला स्वतःचा आवाज नसतो. तो चालला की मी चालायचं, त्याने पेला ठेवला की मी ठेवायचा. भिंतींना जाड गाद्या लावल्यात. खाली एक चौकोन फरशीचा, एक लाकडाचा, एक वाळूचा, आणि कपाटभर जुनी पादत्राणं. पडद्याकडे बघत मी जागच्या जागी चालत असते. कॉलेज सोडून हे काम धरलं तेव्हा काका म्हणाले होते, "म्हणजे ही आता चपला वाजवणार?" तुम्ही पेपरातून डोकंही वर काढलं नाहीत. "वाजवू दे. नीट वाजवली म्हणजे झालं." बाबा, तेवढ्या बोलण्यावर मी इतकी वर्षं काढली. तुमचे आभार कधी मानले नाहीत, ते आज मानते.

आई सांगत होती, पेपरात एका समीक्षकाने मालिकेवर लिहिलेला लेख तुम्ही कापून ठेवलाय आणि येईल त्याला वाचून दाखवता. विजेचा मीटर बघायला आलेला माणूसही सुटला नाही म्हणे. तुम्हाला कोणता भाग आवडला तेही कळलं. दीपगृहाचा म्हातारा रखवालदार इस्पितळातून घरी परततो, तो. पडद्यावर फक्त बंद दार आणि आत बसलेली नात. म्हातारा दिसत नाही, नुसता ऐकू येतो. समीक्षकाने लिहिलंय, "दाराशी तो थांबतो आणि खोकतो. दम लागलाय, तो लपवायला खोकतो. नातीला ते कळतं, आपल्यालाही. इतका मानी माणूस मी या वर्षी पडद्यावर पाहिला नाही, आणि हा तर दिसलाही नाही." त्यावर तुम्ही हसून म्हणालात म्हणे, "बेरकी दिसतोय म्हातारा!"

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. आपल्याकडे ते चॅनल येत नाही, म्हणून तुम्ही तो भाग पाहिलेला नाही. दादा या रविवारी तो पेन ड्राइव्हवर घेऊन येणार आहे. तुम्ही लगेच ओळखाल. त्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

त्या प्रसंगासाठी आधी मी नुसते पाय ओढत चालले. हेडमास्तर म्हणाल्या, "हा आजारी कुठे, आळशी वाटतोय." पुन्हा केलं, तर म्हणाल्या, "हा नाटकातला आजारी." त्याच आठवड्यात मी घरी आले होते. स्वयंपाकघरात भाजी चिरत होते आणि तुम्ही बाहेरच्या खोलीतून येत होतात. आधी काठी, मग उजवा पाय, मग घासत येणारी डाव्या पायातली सपात. दाराशी थांबलात आणि खोकलात. बाबा, तुम्हाला खोकला नाही. कधीच नव्हता. आईला माहीत आहे, मलाही. तेवढा वेळ आम्ही दोघी मुद्दाम भांडी वाजवतो.

परत येऊन मी तशीच चालले, खोकल्यासकट. हेडमास्तर नुसत्या उठून बाहेर गेल्या. त्यांच्याकडे याला शाबासकी म्हणतात.

तुम्हाला न विचारता केलं. रागवा, तुमचा हक्कच आहे. पण चेष्टा करायचं माझ्या मनातही नव्हतं. मला तुमचा अभिमान वाटतो, तो तोंडावर सांगता येत नाही, म्हणून पायांनी सांगितला. आजारपणानंतर तुम्ही फाटकाबाहेर पडलेला नाहीत. लोक वळून बघतील, म्हणता. बाबा, लोकांनी ऐकलीये तुमची चाल. चॅनलवर यायच्या आधी थिएटरात पहिला खेळ झाला, तेव्हा मी मागे उभी होते. कुणी चुकचुकलं नाही. दार कधी उघडतंय, याचीच सगळे वाट बघत होते.

पुरस्काराचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे, दुपारी. दादा गाडीने आणेल तुम्हा दोघांना. हाताला धरायचं नाही, असं त्याला बजावून ठेवलंय. थोड्या पायऱ्या आहेत, पण कठडा मजबूत आहे. मी स्वतः हलवून पाहिला. घाई करू नका. मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबा, पण खोकू नका.

नाही आलात तर पुरस्कार घेईन, हसेनही, पण तो अर्धाच घेतल्यासारखं वाटेल.

मी पहिल्या रांगेत असेन, दाराकडे पाठ करून. सभागृहाची जमीन लाकडी आहे, बाबा. तुम्ही आत आलात की मला वळून बघावं लागणार नाही.

कान लावून बसलेली,
तुमची धाकटी