जास्वंदीला एकशे वीस फवारे

३ फेब्रुवारी, दुपार
महाडच्या डॉक्टरांनी पंप दिला. एमआयडीसीत सत्तावीस वर्षं काढून फुप्फुसं थोडी दमलीत, एवढंच. पंपाला एक डबी बसवली आहे. फवारा मारला की मोबाईलवरून दवाखान्याला कळतं, आणि मुंबईत श्रुतिकालाही. मुलगी बापावर पाळत ठेवणार.
सकाळी दोन, संध्याकाळी दोन. एकशे वीस फवारे, महिनाभर पुरतील.
संकल्प: शिमग्यात पालखीचा पुढचा दांडा माझ्याच खांद्यावर. बत्तीस वर्षांचा मान आहे. भावकीतला चांगू त्यावर टपून बसलाय.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
पंप घेणार नाही. एकदा लागला की सुटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. शिवाय गावाला कळलं तर दांडा गेलाच. तोडगा सापडला. डबी फवारे मोजते, ते कुणाच्या तोंडात गेले हे तिला कळत नाही. पडवीतून जास्वंदीवर दोन मारले. हिरवा दिवा लागला. विज्ञानाची कीव आली.

९ फेब्रुवारी
दवाखान्यातून पूजा सिस्टरचा फोन. काका, एकही डोस चुकला नाही, म्हणाली. शिस्त लहानपणापासूनच आहे, असं मी नम्रपणे सांगितलं.
विहिरीवर जाऊन येताना तीनदा बसलो. चप्पल नवी आहे.

१७ फेब्रुवारी
उद्यापासून देवळाच्या पायऱ्या रोज दोनदा चढायच्या. तयारी हवी.

१८ फेब्रुवारी
गेलो नाही. धूळ फार.
बायकोने, रखमाने, जास्वंदीपाशी पकडलं. झाडाला दम लागला नाय, तुमाला लागलाय, म्हणाली. पोरीला सांगते म्हणून फोन उचलला. पालखीची शपथ घातली तेव्हा ठेवला. दिवसभर बोलली नाही. बरं झालं, बोलायला मलाही दम पुरत नाही.

२६ फेब्रुवारी
डॉक्टरांचा फोन. औषध एवढं नियमित, मग हा खोकला कसला, म्हणाले. शेजाऱ्याचा आहे म्हटलं. तरी डोस वाढवायचा विचार करतायत. जास्वंदीला झेपेल का, बघू.

५ मार्च, सकाळ
पालखी दुपारी येणार. धोतर काढून ठेवलं. नियमाप्रमाणे दोन मारले. जास्वंदीला नऊ फुलं. चांगू विचारून गेला, दादा, जमल ना? त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

६ मार्च
काल दांडा घेतला. ढोल वाजला, दहा-बारा पावलं नाचलो. त्यापुढे मी दांड्याला धरून होतो. मग खाली बसलो. श्वास आत येईना. घाबरलो, खरंच घाबरलो. रखमा पंप घेऊन धावत आली. सगळ्या गावासमोर तोंडात धरला आणि दाबला. काही आलं नाही. पंपाच्या मागे उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा असतो, तो शून्य. एकशे वीसच्या एकशे वीस जास्वंदीने घेतले होते.
चांगूने दांडा दुसऱ्याकडे दिला, मला पाठीवर घेतलं आणि रिक्षापर्यंत नेलं. पोलादपूरला तोंडाला मास्क लावून वाफ दिली. पालखी माझ्याशिवाय पुढे गेली म्हणे, आणि नीट गेली. ते फार लागलं.
आत्ता मोबाईलवर मेसेज आला. अभिनंदन अरविंदकाका, महिनाभराचा वापर शंभर टक्के. खाली श्रुतिकाने लिहिलंय, बाबा, अभिमान वाटतो.
रखमा नवा पंप घेऊन समोर बसली आहे. उघडा तोंड, म्हणते.
उघडलं.