घोंगडीला विटाळ नसतो

६ जानेवारी, सोमवार
आजपासून मी नोकरदार. चिकलठाणा एमआयडीसीत, बिस्किटांच्या फॅक्टरीमागं दोन मजली लॅब. बाहेर दिवसभर भाजक्या मैद्याचा वास आणि आत आमच्या फ्रीजरमध्ये देवमासा. समुद्र इथून तीनशेच्या वर किलोमीटर लांब, पण तुकडे इथंच येतात, कारण मशीन इथं आहे. कोकणच्या किनाऱ्याला एक मेलेली मादी आणि तिचं पिलू लागलं होतं. त्यांच्या चाळीस बरण्या आल्यात. अंगात प्लास्टिक किती, ते मोजायचं. लॅबचे मालक इंद्रजीत सर. तीन महिने प्रोबेशन म्हणाले.

झाडलोट करणाऱ्या सरूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, माशाला दूध असतंय व्हय गं? म्हटलं असतं, तो मासा नाहीच मुळात. मग नाव तरी बदला की, म्हणाल्या, उगी लोकाला फसवायलेत.

लई हसले. टीव्ही सेंटर भागात रूम मिळाली. थंडी आहे, पण गावाहून, पाचोडहून निघताना आप्पांनी घोंगडी दिलीय, आमच्याच मेंढरांच्या लोकरीची.

८ जानेवारी
काम असं आहे. मांसाचा तुकडा बरणीत टाकायचा, वर क्षाराचं जहाल द्रावण ओतायचं आणि रात्रभर उबेला ठेवायचं. मांस, चरबी, रक्त, सगळं विरघळून जातं. उरतं ते प्लास्टिक. ते गाळून मायक्रोस्कोपखाली मोजायचं. शेजारी काचेची एक उघडी वाटी ठेवतात. तिच्यात तेच द्रावण, पण मांस नाही. तिला ब्लँक म्हणतात. हवेतनं, आपल्या कपड्यांतनं काही पडत असेल तर तिच्यात कळतं. ब्लँक कोरी निघाली तरच बाकीची मोजणी खरी. नाहीतर सगळं पहिल्यापासून.

म्हणून अंगात सुती सोडून काही चालत नाही, आणि एसी अठरावर. मी घोंगडीचं विचारलं. सर म्हणाले लोकर द्रावणात विरघळते, घाल बिनधास्त. फोनवर आप्पांना सांगितलं तर त्यांना हसूच आलं. त्यात विचारायचं काय, म्हणाले, घोंगडीला विटाळ नसतो. आमच्यात असंच आहे. देवाखाली घोंगडी, लग्नात घोंगडी, बाळंतिणीला घोंगडी. धुवायची नाही, नुसती झटकायची.

११ जानेवारी
ब्लँक खराब. तिसऱ्यांदा. निळे धागे, केसाहून बारीक. सोळा निघाले, मग एकतीस, आज चौऱ्याण्णव. पिलाच्या बरण्यांत आहेत तसलेच. सगळे एका मापाचे, एका टोकाला आकड्यासारखे वाकलेले. सर म्हणाले तुझ्याच अंगावरून पडतायत, कोरी ब्लँक दाखव, नाहीतर दुसरीकडं बघ. घोंगडीच्या विणीतली लोकर उपटून तपासली. शुद्ध आहे.

डोळे जळतायत. एक गोष्ट सरांना सांगितली नाही. मी वाटीवर वाकले की धागे माझ्याकडं वळतात. श्वासानं होत असेल.

१४ जानेवारी, संक्रांत
पाचोड. खंडूदादाचं बाळ सव्वा महिन्याचं झालं. सृष्टी वहिनी नुकतीच माहेरून आलीय, चेहरा पार उतरलाय. बाळ दूध ओढत नाही. अंगणवाडीच्या ताईंनी वजन केलं, दोन किलो चारशे. आठवड्यात वाढलं नाही तर शहरात दवाखान्यात न्या म्हणाल्या. हाताची बोटं म्हणजे काड्या नुसत्या. नोकरी गेली तरी चालेल, एवढं बाळ जगू दे.

संध्याकाळी लई गारठा पडला. आप्पांनी माझ्या खांद्यावरची घोंगडी काढली आणि बाळाला गुंडाळली. लगेच झोपलं. वहिनी म्हणाली, बघा, आमचं काही चाललं नाही, आत्याची ऊब मात्र चालली. घोंगडी तिथंच राहू दिली.

१६ जानेवारी
ब्लँक कोरी. एक धागा नाही. सर म्हणाले पेढे आण. सरूबाई म्हणाल्या दृष्ट निघाली तुझी. किती दिवसांनी नीट जेवले.

१८ जानेवारी
पिलाच्या नोंदी वाचल्या. आईच्या दुधाशिवाय त्यानं जन्मात काही तोंडात घेतलं नव्हतं. चरबी बोटभर पण नाही, म्हणजे उपाशीच. आणि वजन मात्र असायला पाहिजे त्याच्या दीडपट. हे कसं ते कुणी लिहिलेलं नाही.

आज त्याची शेवटची बरणी उघडली. जिभेचा तुकडा होता. मांस सगळं गेलं होतं. तरी बरणीत जीभ होती. निळी. आकडे एकमेकांत अडकवून विणलेली, घोंगडीसारखी.

सर म्हणाले धागे गुंततातच, गुंता म्हणून लिही आणि पुढं चल. लिहिलं. भांडायला अंगात ताकद नव्हती.

२० जानेवारी
वहिनीचा फोन. बाळ दूध ओढायला लागलं. वजन तीन किलो नऊशे. सहा दिवसांत. ताईंना वाटलं काटा बिघडला, दुसरा आणला, तेवढंच. वहिनी आनंदानं रडत होती. मी विचारलं, अंगावर बाळसं आलंय का. म्हणाली नाय गं, गाल बसलेलेच आहेत, पण ओढतो लई. दुखतं म्हणाली. आकडा टोचल्यावानी.

फोन ठेवून ब्लँकची वही काढली. घोंगडी होती तोवर खराब. घोंगडी गेली, त्या दिवसापासून कोरी.

मी विणीतली लोकर तपासली होती. वर काय चिकटलंय ते नाही. झटकली पण नव्हती.

२१ जानेवारी
आप्पांना म्हटलं घोंगडी जाळा. चार बुकं शिकली आणि आम्हाला विटाळ शिकवायली, म्हणाले. दादानं फोन घेतला. झोप काढ तनू, म्हणाला, आवाज कसातरीच येतोय तुझा. वहिनीला म्हटलं दूध पाजू नको. ती हळूच म्हणाली, आता कुठं प्यायलाय गं तो.

२२ जानेवारी
उद्या वहिनी बाळाला घेऊन माझ्याकडं येतेय. वजन एकदम एवढं कसं वाढलं, ते दवाखान्यात दाखवायला. घोंगडीतच आणणार. येऊ दे. घोंगडी द्रावणात टाकीन. लोकर जाईल, धागे उरतील, गाळून घेईन. सगळे. मोजून.

२३ जानेवारी
आले. दादा दोघांना दारात सोडून परत गेला. बाळ रडत नाही.

घोंगडी काढून घेतली. भिंग लावून वीतवीत बघितली. एक धागा नाही. नुसती लोकर. म्हणजे सगळे—

बाळाजवळ पाण्याची वाटी ठेवली. तासभर. कोरी.

वहिनी भिंतीला टेकून झोपलीय. ओठ पांढरे पडलेत. झोपताना म्हणाली, घे की जरा त्याला, आत्या ना तू.

जीभ बाहेर काढतंय. निळसर. थंडीनं असेल. मी वाकले की माझ्याकडं वळतं—

उचलायला गेले. हलत नाही. दोन्ही हात लावले. एवढंसं तर आहे—

डावं बोट तोंडात धरलंय त्यानं. उजव्यानं लिहितेय. टोचतंय. वहिनीला हाक मारते तर ती—

ओढतंय. सुटत ना