दोन सह्यांची ॲम्ब्युलन्स

माधव नगर, उज्जैन
१७ मार्च १९९४

तीर्थरूप चारुताईस जयंताचा दंडवत. पुण्यात तुझे गुडघे आणि भाऊजींचा स्वभाव, दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक. (मागच्या पंधरवड्यात सुनंदाला हॉस्पिटलात न्यावं लागलं, एवढं सोडलं तर.)

आपल्या मराठी मंडळानं ॲम्ब्युलन्स घेतली, हे कळवलंच होतं. पांढरीशुभ्र गाडी, वर निळा दिवा. लोक तिच्यातून लग्नाचे लाडूसुद्धा नेतील, या धास्तीनं मी सेक्रेटरी या नात्यानं बारा कलमांची नियमावली लिहिली. चावी अध्यक्षांकडे, अर्जावर अध्यक्षांची नि सेक्रेटरीची अशा दोन सह्या. आणि कलम आठ: रुग्ण सेक्रेटरीच्याच घरचा असेल तर त्यानं सही करू नये, कमिटीची मीटिंग बोलवावी. या कलमाला टाळ्या पडल्या होत्या, ताई!

तर त्या दुपारी सुनंदा पोळ्या लाटता लाटता छाती धरून खाली बसली. घामानं निथळत होती. सरकारी हॉस्पिटलात फोन लावला, तर गाडी मंत्रीजींच्या काफिल्यात. मग धावलो समोर, आमच्या अध्यक्षांकडे. हे यज्ञेश्वरराव रिटायर्ड हेडमास्तर. चावी मागे खुंटीला दिसत होती. म्हणाले, "जयंतराव, नियम तुमचाच. मी मीटिंग बोलावतो." आणि मी मूर्ख, खरंच घरी येऊन नियमावली धुंडाळत बसलो! तातडीच्या प्रसंगासाठी एखादं पोटकलम लिहिल्यासारखं वाटत होतं. नव्हतं लिहिलेलं.

शेवटी शेजारणीनं भैरवगढच्या छापील चादरींचा टेम्पो अडवला. ड्रायव्हर घरात शिरून माझ्यावरच डाफरला, "बाबूजी, कागज बाद में ढूँढना, पहले माताजी को उठाओ!" गठ्ठ्यांवर निजवून नेलं. ती दाखल झाल्यावर अर्ध्या तासानं आमची ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत हजर. कोरम पूर्ण झाला होता.

आता सुनंदा घरी आहे आणि माझ्यावर ओरडते आहे, म्हणजे बरी आहे.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना धपाटे.

तुझा,
जयंत

ता. क. डॉक्टरांनी पुण्याला नेऊन अँजिओग्राफी करायला सांगितली आहे. पेशंट म्हणून ही बया यायची नाही. तू लिही, कुरडया एकटीला होत नाहीत, मदतीला ये. लगेच निघेल. (आल्यावर कामाला मात्र लावू नकोस.)

आणखी एक ता. क. मी कागद शोधायला उठलो, तेव्हा तिनं माझा हात धरला होता. मी तो सोडवून घेतला. त्यावर ती अजून अवाक्षर बोललेली नाही. तिकडे आली की तू विचारशील का, ताई? माझी हिंमत होत नाही.